वहीच्या शेवटच्या पानावरची मोटरसायकल : गुणोत्तर-प्रमाणाचा एक पाठ



नववी-दहावीतल्या कोणत्याही मुलाची गणिताची वही घ्या आणि मागच्या बाजूने उघडा. शेवटच्या पानावर बऱ्याचदा एक मोटरसायकल सापडेल. मागचं चाक भलंमोठं, पुढचा शॉकअप लांबच लांब, सीट जमिनीला टेकलेली. आपण ते पान बघतो, "अभ्यास सोडून हेच चाललंय का?" म्हणतो आणि वही मिटतो. मीसुद्धा बरीच वर्षं हेच केलं.

मग एकदा दहावीतल्या एका मुलाने मला थांबवून विचारलं, "सर, गाडी मागून उचलली की पुढून का हलते?" त्याच्या मोठ्या भावाने गाडी मॉडिफाय करून घेतली होती. मागचे शॉकअप उंच करून घेतले, टायर रुंद टाकला. दिसायला झकास. पण वेग घेतला की हँडल थरथरायचं. पावसाळ्यात एका वळणावर भाऊ पडला. हात मोडला, जीव वाचला. रस्त्यावर खडी होती, वेगही जास्त होता, त्यामुळे सगळा दोष शॉकअपवर टाकता येणार नाही. पण मुलाचा प्रश्न खरा होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मी त्यांना त्रिकोणमिती शिकवत होतो आणि उत्तर त्याच धड्यात होतं.

त्या प्रश्नातून तयार झालेला हा पाठ. नववीचं 'गुणोत्तर व प्रमाण', दहावीची 'समरूपता' आणि 'त्रिकोणमिती' हे तिन्ही धडे यात येतात. नाशिकमध्ये तर हा पाठ घ्यायला हवाच. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत काम करणारे फिटर, टर्नर, वेल्डर आपल्या वर्गातल्या मुलांचे आईवडील आहेत. हे गणित त्यांच्या हातात रोज असतं, फक्त ते गणित आहे असं कुणी त्यांना सांगितलेलं नसतं.

कस्टम मोटरसायकल म्हणजे काय?

कारखान्यातून आलेली गाडी एखाद्यासाठी वेगळ्या घडणीने पुन्हा बांधायची, म्हणजे कस्टम मोटरसायकल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तरुणांनी जड गाड्यांचे मडगार्ड कापले, नको ते काढून टाकलं. त्यातून बॉबर आणि पुढे चॉपर आले. लंडनच्या बाजूला हँडल खाली, टाकी लांबट आणि सीट सपाट असलेली कॅफे रेसर घडली. १९६९ च्या 'ईझी रायडर' या चित्रपटाने लांब शॉकअपची चॉपर जगभर पोचवली.

आपल्याकडे या कामाचा पाया बुलेट. रॉयल एनफिल्डची गाडी १९५५ पासून मद्रासला बनू लागली. तिची चेसी साधी, इंजिन उघडं आणि सुटे भाग मिळायला सोपे. मुंबईत अक्षय वर्दे यांनी बुलेटच्या इंजिनाभोवती चॉपर बांधायला सुरुवात केली आणि आपल्या कामाला नाव दिलं 'वर्देंची'. मुलांना हे नाव मोठ्याने वाचायला सांगा. इंग्रजी पाटीवर परदेशी वाटणारा तो शब्द आपल्याच षष्ठी विभक्तीतला आहे! पुण्याच्या 'ऑटोलॉग डिझाइन'नेही बुलेटचं रूप बदलणारे संच बनवले.

असं काम जवळून पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. महागडे सुटे भाग आणले म्हणजे गाडी सुंदर होत नाही. दुकानात प्रत्येक भाग देखणा असतो. तो दुसऱ्या भागाशी किती मोठा, किती उंच, किती लांब आहे, यावर सगळं ठरतं. म्हणजेच गुणोत्तर.

मोजायचं कशाने? चाकाने

मूर्तिकार मूर्ती घडवताना आधी एक माप ठरवतो. आपल्या मूर्तिशास्त्रात त्याला ताल म्हणतात. एक ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी, बारा अंगुळं. नवताल मूर्ती म्हणजे नऊ चेहऱ्यांइतकी उंच. मूर्ती वितभर असो की दोन पुरुष उंच, सेंटिमीटर बदलतात, प्रमाण तेच राहतं. मुलांना विचारा, मोटरसायकलचा 'चेहरा' कोणता? थोड्या गोंधळानंतर कुणीतरी म्हणतंच : चाक.

आधी टायरवरचे आकडे वाचायला शिकवा. स्प्लेंडरच्या टायरवर ८०/१००-१८ लिहिलेलं असेल, तर रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के आणि रिंग १८ इंच. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. म्हणून पूर्ण चाकाचा व्यास :

१८ × २५.४ + २ × ८० = ६१७ मिमी

स्प्लेंडरच्या दोन्ही चाकांच्या मध्यांतलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, १२३६ मिमी. भागाकार करा : १२३६ ÷ ६१७ = २.००. याचा अर्थ दोन चाकांच्या मध्ये बरोबर आणखी एक चाक बसतं. मुलांना हे सांगू नका, काढू द्या. उत्तर आल्यावर त्यांचे चेहरे बघा.

आता २०२१ पासूनची क्लासिक ३५० घ्या. पुढे १००/९०-१९, मागे १२०/८०-१८. पुढचं चाक ६६३ मिमी, मागचं ६४९, सरासरी ६५६. व्हीलबेस १३९०. गुणोत्तर २.१२. वजन, किंमत, आवाज सगळं वेगळं, तरी प्रमाण स्प्लेंडरच्या जवळच. हंटर ३५० ला चाकं लहान, १७ इंची. पुढे ११०/७०, मागे १४०/७०, म्हणजे सरासरी व्यास ६०७ आणि व्हीलबेस १३७०. गुणोत्तर २.२६. म्हणून ती गाडी बसकी आणि ताणलेली दिसते.

आमच्या वर्गात मुलींच्या एका गटाने विचारलं, "आमच्या घरी ॲक्टिव्हा आहे, तिचं काय?" मोजली. पुढे ९०/९०-१२, मागे ९०/१००-१०, सरासरी व्यास ४५०, व्हीलबेस १२६०. गुणोत्तर २.८! चाकांमध्ये जवळपास दोन चाकांची मोकळी जागा. मग त्याच म्हणाल्या, "पाय ठेवायला आणि पिशवी ठेवायला जागा हवी ना, म्हणून." प्रमाण आधी ठरतं ते वापरावरून, हे मला सांगावंच लागलं नाही.

आता शेवटच्या पानावरचं चित्र काढा आणि त्याच चाकाने मोजा. बहुतेक चित्रांत हे गुणोत्तर ३ च्या वर जातं किंवा दीडवर येतं. दीडवर आलं तर चाकांच्या मध्ये अर्ध्याच चाकाची जागा उरते. इंजिन कुठे बसवणार?

रेषा आणि रिकामी जागा

चाक ठरलं की रेषा बघायच्या. तीन रेषा पुरेशा आहेत.

पहिली, दोन्ही चाकांच्या मध्यांना जोडणारी. ही गाडीची जमीन समजा. दुसरी, टाकीच्या खालच्या कडेपासून सीटच्या खालच्या कडेपर्यंत. कॅफे रेसरमध्ये ही रेषा जवळजवळ आडवी असते. ती मागे खाली झुकली की गाडी बसल्यासारखी वाटते, मागे वर गेली की पुढे झेपावल्यासारखी. बॉबरमध्ये ती मुद्दाम मागे उतरवतात. तिसरी रेषा पुढच्या शॉकअपची. मागच्या शॉकअपचा किंवा सीटच्या मागच्या कडेचा कल या तिसऱ्या रेषेशी काही नातं सांगतो का, ते बघायचं. सगळ्या रेषा चार दिशांना पळाल्या की डोळा कुठेच थांबत नाही.

मग रिकामी जागा. टायर आणि मडगार्डमधली फट, इंजिन आणि टाकीमधली फट, सीटखालची जागा. मागचा टायर रुंद केला आणि पुढचा तसाच ठेवला, तर सगळा भार मागे गेल्यासारखा दिसतो. मोठी टाकी आणि छोटा हेडलाइट असेल तर पैलवानाच्या धडावर लहान मुलाचं डोकं ठेवल्यासारखं वाटतं.

जुन्या नाशकात भांडी बाजाराच्या बाजूला तांब्या-पितळेची भांडी बघायला मुलांना न्या. घागरीचं पोट, गळा आणि काठ यांचं नातं बघायला सांगा. काठ थोडा रुंद झाला तर पाणी ओतताना सांडतं, गळा अरुंद झाला तर हात जात नाही. टाकी ठोकणारा डेंटर हेच करतो. आधी पुठ्ठा कापून गाडीवर धरतो, दहा पावलं मागे जातो, डोळे बारीक करून बघतो, पुन्हा येऊन बोटभर कापतो. पत्र्याला हात नंतर. चुकलेला पुठ्ठा फुकट असतो, चुकलेला पत्रा महाग पडतो.

डोळ्याला न दिसणारं प्रमाण

आता त्या मुलाचा प्रश्न. इथे पाठ गंभीर होतो.

ऑफिसच्या खुर्चीची चाकं आठवा. खुर्ची ढकलली की चाकं आपोआप मागे वळतात आणि सरळ चालतात. कारण चाक जमिनीला जिथे टेकतं ती जागा, चाक ज्या उभ्या दांड्याभोवती फिरतं त्या दांड्याच्या मागे असते. मोटरसायकलचं पुढचं चाकही असंच सरळ राहतं.

फळ्यावर पुढचं चाक काढा. चाकाच्या मध्यापासून सरळ खाली जमिनीवर एक बिंदू घ्या. इथे टायर टेकतो. आता हँडल ज्या नळीत फिरतं त्या नळीची रेषा तिरकी खाली जमिनीपर्यंत वाढवा. ती टायरच्या थोडी पुढे टेकेल. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. नळीचा उभ्या रेषेशी असलेला कोन म्हणजे रेक. आणि चाकाचा मध्य नळीच्या रेषेच्या जितका पुढे असतो ते लंबांतर म्हणजे ऑफसेट.

काटकोन त्रिकोण समोरच आहे. उभी बाजू चाकाची त्रिज्या, कोन रेकचा. म्हणून :

ट्रेल = त्रिज्या × टॅन(रेक) − ऑफसेट ÷ कॉस(रेक)

सोयीसाठी त्रिज्या ३२० मिमी आणि ऑफसेट ४० मिमी धरू. रेक ३० अंश घेतला तर दहावीच्या तक्त्यातल्या किमती चालतात :

३२० × ०.५७७४ − ४० ÷ ०.८६६ = १८४.८ − ४६.२ = सुमारे १३९ मिमी

रेक २६ अंश असेल तर कॅल्क्युलेटरवर सुमारे ११२ मिमी येतो. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्या या २६ च्या आसपास असतात. रेक २४ अंश केला तर ट्रेल सुमारे ९९ मिमी.

आता शॉकअप. व्हीलबेस १३९० मिमीची गाडी मागून ५ सेंटिमीटर उचलली. पूर्ण चेसी पुढच्या चाकाच्या मध्याभोवती फिरली. किती? साइन(कोन) = ५० ÷ १३९० = ०.०३६, म्हणजे साधारण २ अंश. म्हणजे २६ चा रेक २४ झाला. ट्रेल ११२ वरून ९९ वर आला, जवळजवळ १२ टक्के कमी. चाकाला सरळ ठेवणारी ओढ कमी झाली. हँडल हलकं लागतं म्हणून आधी छान वाटतं. पण वेगात खड्डा लागला किंवा वारा आला की हँडलला धरून ठेवणारं बळ कमी पडतं. टीचं बेअरिंग सैल किंवा टायर घासलेला असेल तर थरथर आणखी वाढते.

उलट, चॉपरसारखी दिसावी म्हणून पुढचा भाग १० सेंटिमीटर उंच केला, तर कोन साधारण ४ अंशांनी वाढतो. २६ चा ३० होतो, ट्रेल ११२ चा १३९. सरळ रस्त्यावर गाडी रुळावर चालल्यासारखी जाते, पण द्वारका चौकात किंवा भद्रकालीच्या गल्लीत वळवताना हँडल जड होतं, चाक आत पडू बघतं. म्हणून जाणता कारागीर नुसता शॉकअप लांब करत नाही. तो चेसीचा कोन, ऑफसेट आणि उंची तिन्ही एकत्र जुळवतो.

त्या मुलाला मी हे वर्गात फळ्यावर करून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे पाच सेंटिमीटरने एवढं?" मी म्हटलं, "तूच काढलंस ना?" त्या दिवसानंतर त्याने "टॅन-बिन कशाला लागतं" असं कधी विचारलं नाही.

बसणाऱ्याचा त्रिकोण

तिसरं प्रमाण माणसाचं. हँडलची मूठ, सीट आणि फुटरेस्ट हे तीन बिंदू जोडा. हा त्रिकोण बसणाऱ्याच्या हाडांशी जुळायला हवा. हँडल खाली आणि फुटरेस्ट पुढे ठेवलं तर पाठ वाकते आणि पाय ताणतात. दहा मिनिटांच्या चकरेत चालतं, त्र्यंबकेश्वरला जाऊन येईपर्यंत कंबर बोलू लागते. क्लासिकच्या सीटची उंची ८०५ मिमी आहे. मुलांना आपापल्या पायाची आतल्या बाजूची लांबी मोजू द्या आणि कोणाची टाच टेकेल, कोणाचा फक्त चवडा, याचा अंदाज आधी लिहायला सांगा. एकच गाडी दोघांना वेगळी का वाटते, हे इथे कळतं.

वर्गात कसं घ्याल?

तीन तासिका पुरतात. एकही पाना हातात घ्यायचा नाही. कागद, पुठ्ठा, मोजपट्टी आणि कोनमापक एवढंच साहित्य.

१. शाळेच्या आवारात उभ्या गाडीचा बाजूने फोटो घ्या. किमान वीस फूट लांब उभं राहा आणि मोबाइल चाकाच्या मध्याच्या उंचीवर धरा. जवळून काढलेल्या फोटोत जवळचं चाक फुगतं आणि सगळी मापं चुकतात.

२. फोटोची प्रिंट काढा. टायरवरच्या आकड्यांवरून खरा व्यास काढा, प्रिंटमधला व्यास मोजा आणि प्रमाण ठरवा. मग व्हीलबेस कागदावरून काढा आणि टेपने मोजून पडताळा. फरक किती आला, का आला, हेही लिहा.

३. एकास दहा प्रमाणात पुठ्ठ्याची गाडी करा. क्लासिकचं चाक ६.६ सेंमी आणि व्हीलबेस १३.९ सेंमी, म्हणजे ए-फोर कागदावर आरामात बसते. टाकी, सीट, मडगार्ड वेगवेगळ्या पुठ्ठ्याचे, टाचणीने हलवता येतील असे.

४. एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलण्याआधी अंदाज लिहा, नंतर मोजा : व्हीलबेस, रेक, ट्रेल, सीटची उंची.

५. शेवटी प्रत्येक गटाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं : "मी हे बदललं, त्यामुळे आणखी काय काय बदललं?" गुण या उत्तराला द्या, चित्राच्या सुबकपणाला नाही.

जमलं तर एमआयडीसीत काम करणाऱ्या एखाद्या पालकांना बोलवा. व्हर्निअर आणि बेव्हल कोनमापक घेऊन ते वर्गात उभे राहिले की त्यांच्या मुलाची मान किती ताठ होते, ते बघण्यासारखं असतं.

पालकांसाठी

मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत असा बदल चालणार नाही, असं स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या प्रत्येक बेकायदा बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गिअरची मोटरसायकल अठरा वर्षांआधी चालवता येत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा घडला तर पालक किंवा मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. हे सगळं मुलांसमोर एकदा शांतपणे वाचा.

पण नुसतं "नाही" म्हणून थांबू नका. मुलगा "शॉकअप उंच करू या" म्हणाला तर त्याला सांगा, "आधी रेक आणि ट्रेल काढून दाखव." त्याने काढून दाखवलं तर बहुतेक वेळा तो स्वतःच म्हणतो, राहू दे. आणि खरोखरच आवड असेल तर पुढे आयटीआय आहे, डिप्लोमा आहे, डिझाइनचं शिक्षण आहे. कागदावरची आवड कायद्यात बसते आणि पोटापाण्यालाही लावता येते.

त्या मुलाच्या भावाने हात बरा झाल्यावर जुने शॉकअप पुन्हा बसवून घेतले. मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर अजूनही मोटरसायकली असतात. फरक एवढाच, की आता चाकांच्या मध्ये फिकट पेन्सिलीने आणखी एक चाक काढलेलं असतं आणि कोपऱ्यात लिहिलेलं असतं : २.१.

उद्या वर्गात वह्या तपासताना शेवटचं पान जरूर उघडा. तिथे काय सापडलं, ते इतर शिक्षकांनाही सांगा.